ठराव आधी, नारळ नंतर

पणदऱ्याच्या एखाद्या वस्तीवर दिवाळीनंतर जाऊन उभं राहावं. ऊसतोड सुरू झालेली असते. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पाणंदीतून डुलत मुख्य रस्त्याला लागत असतात. नीरा डाव्या कालव्याचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या प्यालेली ही काळी जमीन, त्यामुळे चाकोऱ्या गुडघाभर. शाळेची पोरं बांधावरून तोल सांभाळत जातात. दरवर्षी या दिवसांत वस्तीवर एक बैठक होते, आणि त्यात एकच वाक्य म्हटलं जातं: "यंदा रस्ता करून घ्यायचाच."

मग कुणीतरी निवेदन टाईप करून आणतो. पन्नासेक सह्या होतात, चार मोटारसायकली निघतात आणि निवेदन ग्रामपंचायतीच्या दारावरून पुढे जातं, थेट बारामतीला किंवा पुण्याला, एखाद्या मोठ्या माणसाच्या हातात. फोटो निघतो. मोठा माणूस "बघतो" म्हणतो, आणि बऱ्याचदा खरंच बघतो. त्याच्या कार्यालयातून शिफारशीचं पत्र निघतं. ते पत्र जिल्हा परिषदेत जातं, तिथून पंचायत समितीत येतं, आणि पंचायत समिती ग्रामपंचायतीला कळवते की ग्रामसभेचा ठराव पाठवा, जागेचा उतारा पाठवा, हे काम आधी दुसऱ्या कुठल्या योजनेतून झालेलं नाही असा दाखला पाठवा. पुण्यापर्यंत गेलेला कागद फिरून गावच्या चावडीवरच येऊन उतरतो. तोवर मार्च उलटलेला असतो आणि त्या वर्षीचा निधी वाटून संपलेला असतो.

बारामती तालुक्याला थेट वर जायची ही सवय जरा जास्तच आहे, कारण इथल्या माणसाला वरची दारं जवळची वाटतात. त्यात गैर काही नाही. पण ज्यांना गावात अभ्यासिका, व्यायामशाळा, स्मशानभूमीची शेड, दिवे, गटार, वस्तीचा रस्ता असं काही उभं करायचंय, त्या मंडळांना, बचत गटांना, शाळा व्यवस्थापन समितीला नि वस्तीवरच्या चार घरांना मला आधी खालचं दार दाखवायचं आहे. माझा अनुभव असा की कामं पैशावाचून अडतात त्यापेक्षा जास्त कागदावाचून अडतात.

पैशाला नाव असतं

ग्रामपंचायतीकडे "निधी आहे का?" असं विचारू नका. त्याला "नाही" याशिवाय उत्तर मिळत नाही. प्रत्येक रुपया कुठल्या ना कुठल्या नावाने आलेला असतो आणि त्याच नावाने खर्च करावा लागतो. तुमच्या कामाला कुठल्या नावाचा पैसा चालेल, ते ओळखून विचारायचं.

पहिला पैसा गावाचा स्वतःचा. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती नि आरोग्य कर, बाजाराची फी, गाळ्यांचं भाडं. जमिनीचे व्यवहार झाले की मुद्रांक शुल्कातला वाटाही जिल्हा परिषदेमार्फत ग्रामपंचायतीकडे येतो. एमआयडीसी आलेल्या किंवा शहरालगतच्या गावांना तो चांगलाच लागतो. हा सगळा पैसा ग्रामनिधीत जमा होतो आणि त्यावर गावाचा हात सर्वांत मोकळा असतो. मात्र त्यातही वाटे ठरलेले आहेत: स्वतःच्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी. हे वाटे कागदावर पडून राहतात आणि वर्षाच्या शेवटी सतरंज्या किंवा शिलाई मशीन घेऊन उरकले जातात, अशी गावं कमी नाहीत. एखाद्या महिला गटाने जूनमध्येच लेखी विचारलं की यंदाच्या 10 टक्क्यांत किती रक्कम बसते नि ती कशावर जाणार, तर मार्चची घाई टळते. ही रक्कम अर्थसंकल्पात, म्हणजे ग्रामपंचायतीच्या नमुना 1 मध्ये, लिहिलेली असते. तो बघायला मागा.

दुसरा पैसा केंद्रीय वित्त आयोगाचा. 73वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 ला अमलात आली, पण गावाच्या खात्यावर ठसठशीत रक्कम थेट यायला लागली ती चौदाव्या वित्त आयोगापासून, 2015 नंतर. त्याच वर्षी महाराष्ट्राने 'आमचं गाव, आमचा विकास' हा उपक्रम काढला आणि गावाने स्वतःचा आराखडा करायचा, अशी पद्धत पडली. पंधराव्या आयोगात, म्हणजे 2021-22 ते 2025-26 या काळात, पैशाला लगाम लागला. शंभर रुपये आले तर तीस पिण्याच्या पाण्याला, तीस स्वच्छतेला आणि उरलेले चाळीस मोकळे. या साठ रुपयांना 'बंधित' म्हणतात, चाळीसला 'अबंधित'. अबंधित म्हटला तरी त्यातून पगार नि कार्यालयाचा खर्च करता येत नाही. 2026-27 पासून सोळाव्या आयोगाचा काळ आहे. त्याची टक्केवारी काय नि गावाच्या वाट्याला किती, हे आराखड्याच्या सभेत सर्वांत आधी विचारायचा प्रश्न.

तिसरा पैसा राज्याचा नि जिल्ह्याचा, आणि इथे नावांचं जंगल आहे. गावातले मुरलेले कार्यकर्ते त्यांना आकड्यांनी ओळखतात. 'पंचवीस-पंधरा' म्हणजे ग्रामविकास विभागाचं 2515 हे लेखाशीर्ष, लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावातली मूलभूत कामं त्यात बसतात. 'तीस-चोपन्न' म्हणजे रस्ते. 'जनसुविधा' म्हणजे स्मशानभूमी नि ग्रामपंचायत इमारत यांसारखी कामं, आणि मोठ्या गावांसाठी 'नागरी सुविधा'. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना वेगळी, पाणंद रस्त्यांसाठी 2021 सालची मातोश्री योजना वेगळी, व्यायामशाळा नि क्रीडांगणासाठी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांचं अनुदान वेगळं. यातला बराचसा पैसा जिल्हा नियोजन समितीतून वाटला जातो. आमदारांचा स्थानिक विकास निधी वर्षाला 5 कोटी आणि खासदारांचाही 5 कोटी. आकडा मोठा वाटतो, पण विधानसभा मतदारसंघातल्या गावांची संख्या घेऊन भागाकार केला की एका वस्तीच्या वाट्याला काय येतं ते कळतं.

जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नाला गावात 'सेस' म्हणतात. तिथे तुमच्या गटाचा सदस्य हे दार. पुणे जिल्हा परिषद मार्च 2022 पासून बराच काळ प्रशासकाच्या हाती होती, तेव्हा हे दार बंदच होतं, आणि वित्त आयोगाचा निधीही निवडून आलेली मंडळी नसली की थांबतो. निवडणूक लांबली म्हणून आपल्या गटाराचं काय बिघडतं, असं विचारणाऱ्यांसाठी हे सांगून ठेवलं.

एका कामाची सहा तोंडं

समजा, पणदऱ्यातल्या पोरांना अभ्यासिका हवी आहे. पोलीस भरती नि स्पर्धा परीक्षा करणारी मुलं आज बारामतीला खोली करून राहतात. मंडळ म्हणतं, अभ्यासिका बांधायला पंधरा लाख लागतील, ग्रामपंचायतीकडे तेवढे नाहीत, विषय संपला.

तो तसा संपवू नका. आधी नवी इमारत डोक्यातून काढा. बहुतेक गावांत जिल्हा परिषद शाळेची एखादी रिकामी खोली, जुनी चावडी, बंद पडलेलं समाजमंदिर असतं. शाळेची असेल तर शाळा व्यवस्थापन समितीची आणि शिक्षण विभागाची संमती लागेल. पाडून बांधायची म्हणाल तर आधी निर्लेखन, म्हणजे जुनी इमारत नोंदीतून कमी करण्याची मंजुरी, करून घ्यावं लागेल, त्यात एक वर्ष सहज जातं. डागडुजीत भागत असेल तर भागवा.

मग कामाचे तुकडे पाडा. छत, फरशी, रंग हे अबंधितमधून. मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह स्वच्छतेच्या बंधितमधून, कारण सार्वजनिक जागेतलं ते स्वच्छतागृहच आहे. पिण्याच्या पाण्याची टाकी नि नळ पाण्याच्या बंधितमधून. दारात रॅम्प आणि कठडा दिव्यांगांच्या 5 टक्क्यांतून. टेबल-खुर्च्या, पुस्तकं लोकवर्गणीतून किंवा एखाद्या कंपनीकडून. वीजबिल नि साफसफाई ग्रामनिधीतून, आणि त्याचा ठराव त्याच दिवशी. प्रत्येक तुकडा छोटा झाला की तो कुठल्या ना कुठल्या नावाखाली मावतो. पंधरा लाखांचा आकडा बघून मान हलवणारे भाऊसाहेब, म्हणजे ग्रामपंचायत अधिकारी, दोन-दोन लाखांच्या कामांना सहसा हरकत घेत नाहीत.

एक सावधगिरी मात्र घ्या. तुकडे पाडायचे ते निधीच्या नावाप्रमाणे. निविदा टाळण्यासाठी एकाच कामाचे दोन भाग दाखवणं हा वेगळा प्रकार आहे, आणि लेखापरीक्षणात तो पहिल्या फेरीत पकडला जातो. वसुली निघते ती सरपंच नि ग्रामपंचायत अधिकाऱ्यावर, त्यामुळे पुढच्या वेळी ते दोघंही तुमच्या कामाला हात लावत नाहीत. (ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदं 2024 मध्ये एक करून 'ग्रामपंचायत अधिकारी' असं नाव झालं. गावात अजून 'भाऊसाहेब'च म्हणतात, म्हणून मीही.)

ग्रामसभा: तहकूब झाली तर काय

वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. साधारण 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या आसपास होतात. झेंडावंदन, चहा-बिस्किट, आणि मग चावडीपुढे सतरंजी. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. पणदऱ्यासारख्या मोठ्या गावाला म्हणजे शंभर.

शंभर माणसं जमत नाहीत म्हणून सभा तहकूब होते, आणि आठवड्याभरात तहकूब सभा पुन्हा भरते. तिला गणपूर्ती लागत नाही. इथवर बहुतेकांना माहीत असतं. पुढचं फार थोड्यांना माहीत असतं: तहकूब सभेत मूळ विषयपत्रिकेवरचेच विषय घेता येतात. तुमचा विषय आधी लिहिलेला नसेल आणि "आयत्या वेळच्या विषयात घेऊ" या भरवशावर तुम्ही गेला असाल, तर सभा तहकूब झाली की तीन महिने गेले.

म्हणून सभेच्या पंधरा दिवस आधी लेखी अर्ज द्यायचा: "अमुक विषय येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा." अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का नि तारीख घ्यायची. भाऊसाहेब म्हणतील, "अहो, तोंडी सांगितलं तरी घेतो की." ते खरंही असेल. त्यांची बदली झाली की तोंडी सांगितलेलं त्यांच्याबरोबर जातं, शिक्क्याचा कागद मागे राहतो.

महिलांच्या विषयाला एक जास्तीचं दार आहे. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, असं कायदा सांगतो. बऱ्याच ठिकाणी ती वहीत सह्या घेऊन होते. ती खरोखर भरवा. महिला सभेने पाण्याचा किंवा स्वच्छतागृहाचा ठराव केला की मोठ्या सभेत त्याला विरोध करायला कुणी पटकन उठत नाही, हे मी एकापेक्षा जास्त गावांत पाहिलंय.

ठरावाच्या भाषेवर जरा थांबतो, कारण सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. "वस्तीचा रस्ता करणे" हा ठराव नाही, ती इच्छा झाली. कुठून कुठपर्यंत, अंदाजे किती मीटर, खडीकरण की मुरुमीकरण की काँक्रीट, हे सगळं नावात आलं पाहिजे. एकदा त्या नावाने प्रशासकीय मान्यता झाली की तेच नाव शेवटपर्यंत चालतं. मंजूर यादीत 'अमुक वस्ती ते मंदिर' असं छापून आलं आणि तुमचा रस्ता मंदिराच्या अलीकडे वळतो म्हणालात, तर शुद्धिपत्रक काढायला पुन्हा तोच सगळा प्रवास. काही कामं मंजूर होऊनही नावापायी रद्द झालेली आहेत. जिल्हा परिषदेच्या शाखा अभियंत्याला आधी एकदा जागेवर आणा, फेरी मारा, टेपने मोजा, आणि तो सांगेल तसं नाव लिहा.

सूचक नि अनुमोदक आधी ठरवून जा, आणि शक्य असेल तर दोन पार्ट्यांचा एकेक. आपल्याकडे साखर कारखान्याची निवडणूक, सोसायटीची निवडणूक नि ग्रामपंचायत यांचे हिशेब एकमेकांत अडकलेले असतात. माळेगाव कारखान्याच्या मतदानाचा राग पणदऱ्याच्या गटारावर निघू शकतो. एका पार्टीचा ठराव दुसरी पार्टी सत्तेवर आली की थंड्या बस्त्यात जातो. दोघांच्या सह्या असल्या की निदान अडवणारा लाजतो. सभेनंतर आठवड्यात ठरावाची प्रमाणित प्रत, ठराव क्रमांक आणि तारखेसह, घेऊन ठेवा. पुढे प्रत्येक खिडकीवर तीच लागते.

वर्षाचा आराखडा ऑक्टोबरच्या सभेपासून आकार घेतो आणि पुढे ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढतो. आराखड्यात नसलेल्या कामावर वित्त आयोगाचा पैसा टाकता येत नाही. जानेवारीत जाग आलेल्या मंडळाला म्हणून पुढचं वर्ष बघावं लागतं. पोर्टल सगळ्यांना खुलं आहे. मोबाईलवर आपलं गाव निवडून कुठलं काम किती रुपयांचं धरलंय ते घरबसल्या दिसतं. सभेला जाताना तो पडदा पाहून जा, चर्चा फार लवकर मुद्द्यावर येते.

शेजारच्या माळेगाव बुद्रुकच्या वाचकांसाठी दोन ओळी. तुमचं गाव नगरपंचायत झालं, म्हणजे तुमची ग्रामसभाच राहिली नाही. तिथे प्रभागाचा नगरसेवक, मुख्याधिकारी आणि सर्वसाधारण सभा. पैसा नगरोत्थान आणि शहरी योजनांतून येतो. वित्त आयोगाचं अनुदानही शहरी हिशेबाने. रक्कम वाढते हे खरं, पण सतरंजीवर बसून हात वर करायचा हक्क जातो. त्यामुळे नगरपंचायतीत अर्ज जास्त काटेकोर लिहावा लागतो.

जागा कुणाची?

काम अडण्याचं दुसरं कारण जागा, आणि आपल्या पट्ट्यात त्याला खास रंग आहे. कालव्याच्या कडेची नि चाऱ्यांलगतची बरीच जमीन जलसंपदा विभागाची आहे. तिथे बाकडं ठेवायचं असलं तरी ना-हरकत लागते. मोठ्या रस्त्याच्या कडेची जागा सार्वजनिक बांधकाम विभागाची. गायरान हा सोपा पर्याय वाटतो, पण 2011 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गायरानावर बांधायला फार मर्यादा आल्या, आणि परवानगीचा रस्ता जिल्हाधिकाऱ्यांकडून जातो. देवळाची जमीन बऱ्याचदा इनामी असते. म्हणून गावठाणात नोंद असलेली, नमुना 8 ला ग्रामपंचायतीच्या नावावर असलेली जागा मिळाली तर तीच पकडा.

कुणी जमीन द्यायला तयार असेल तर स्टॅम्पवरच्या संमतीपत्रावर थांबू नका. नोंदणीकृत बक्षीसपत्र करा आणि उताऱ्यावर नोंद ओढा. देणारा देवमाणूस असतो. अडचण त्याच्या पुढच्या पिढीत येते, जमिनीचा भाव वाढल्यावर.

वस्तीच्या रस्त्याचं गणित आणखी वेगळं. आधी तहसील कार्यालयातून गाव नकाशा काढा आणि रस्ता त्यात आहे का ते बघा. नकाशातला रस्ता कुणी नांगरून घेतला असेल किंवा वहिवाटीचा अडवला असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे अर्ज करायचा. नकाशात रस्ताच नसेल आणि बांधावरून नवा हवा असेल, तर जमीन महसूल अधिनियमाचं कलम 143. यात ग्रामपंचायतीला फारसा अधिकार नाही, सरपंचाला शिव्या देऊन उपयोग नाही. मात्र अतिक्रमण सुटल्याशिवाय निधी मागायचा नाही. मंजूर झालेलं काम जागेच्या वादापायी अखर्चित राहिलं, पैसा परत गेला, की त्या वस्तीच्या नावावर जिल्ह्यात काळी खूण बसते.

वर्गणीची पावती

लोकवर्गणी हा शब्द काढला की काहींच्या कपाळाला आठ्या पडतात: कर भरतो, पुन्हा वर्गणी कशाला? प्रश्न रास्त आहे. तरी हा आपल्या भागाचा जुना धडा आहे. बारामतीच्या जिरायत पट्ट्यात, जिथे कालव्याचं पाणी पोचत नाही, तिथले कितीतरी पाझर तलाव साठ-सत्तरच्या दशकांत 'कासा' या संस्थेकडून आलेल्या गव्हाच्या नि तेलाच्या मोबदल्यात गावकऱ्यांनी खोदले. धान्य बाहेरचं होतं, फावडी गावची. हिवरे बाजारात 1989 नंतर पोपटराव पवारांनी श्रमदानावर जे उभं केलं त्याची कथा सगळ्यांना पाठ आहे. तिथे सरकारी योजनाच वापरल्या गेल्या, पण गावाने आपला वाटा आधी टाकला.

सरकारही वाटा मागतंच. जलजीवन मिशनच्या गावांतर्गत कामांसाठी साधारण 10 टक्के लोकवाटा धरलेला आहे, डोंगरी आणि अनुसूचित जाती-जमातीबहुल गावांना तो 5 टक्के. तो रोख, वस्तू किंवा श्रमाने देता येतो. प्रस्तावाला लोकवाट्याची पावती जोडलेली असली की फाईल हातात घेणारा अधिकारी जरा सरळ बसतो.

वर्गणी मंडळाच्या वहीत गोळा करू नका. ग्रामपंचायतीच्या कामासाठी असेल तर ती ग्रामपंचायतीत भरून नमुना 7 ची सामान्य पावती घ्या, म्हणजे ती रोकडवहीला चढते आणि कामाच्या हिशेबात दिसते. मंडळानेच खर्च करायचा असेल तर मंडळ धर्मादाय कार्यालयात नोंदलेलं हवं, हिशेब दरवर्षी तपासलेले हवेत. गणपती मंडळं उत्साहाने भरपूर करतात, पण नोंदणी नसल्याने क्रीडा विभागाचं अनुदान समोर असून घेता येत नाही. ही नोंदणी एकदा करून टाका.

कंपन्यांचा पैसाही याच नोंदणीवर अवलंबून. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे ठरावीक मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकामावर खर्चावे लागतात. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओ, फेरेरो यांच्यासारख्या कंपन्या आहेत, पणदऱ्यातही एमआयडीसी आहे. लहान कारखान्यांना हा कायदा लागू होत नाही, त्यामुळे प्रत्येक फाटकावर जाऊन उपयोग नाही. आणि जिथे लागू होतो तिथे संस्थेकडून काम करून घ्यायचं तर ती संस्था सरकारकडे 'सीएसआर-1' ची नोंद केलेली असावी लागते. कंपनीकडे दोन पानं न्या: काय करायचं, जागा कुणाच्या नावावर, ग्रामसभेचा ठराव, ग्रामपंचायत किती टाकणार, आणि नंतर कोण सांभाळणार. शेवटचा मुद्दा नसलेली पत्रं ते बाजूला ठेवतात.

घरपट्टी भरलेली असली तर मागायला तोंड राहतं, हेही सांगायला हवं. थकबाकीदाराला सभेत "आधी पट्टी भर" हे ऐकावं लागतं, आणि स्वतःचं उत्पन्न वाढलं नाही तर मोकळा पैसा येणार कुठून? छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्याला भास्करराव पेरे पाटलांनी कर भरणाऱ्या घराला मोफत दळण दिलं आणि वसुलीचं रडगाणं थांबवलं. बारामती-इंदापूरच्या गावांनी दळणच द्यावं असं नाही. पण पट्टीच्या पावतीबरोबर हातात काहीतरी पडलं की माणूस स्वतःहून खिडकीवर येतो, हे तिथे दिसलं.

नारळ फुटल्यावर

अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. या पायऱ्यांचा क्रम चुकवून आधी भूमिपूजन करायची घाई आपल्याकडे फार. नारळ फुटला, फलक लागला, आणि खडी वर्षभर नाही, असे फलक बारामती-इंदापूर रस्त्याने जाताना तुम्हीही पाहिले असतील. कार्यारंभ आदेशाची प्रत पाहिल्याशिवाय हार आणू नका.

काम सुरू झालं की अंदाजपत्रकाची प्रत मागा. त्यात थराची जाडी, सिमेंटचं प्रमाण, पाइपचा व्यास सगळं लिहिलेलं असतं. वस्तीवरच्या दोन माणसांनी रोज एक फोटो काढावा, टेप लावून, तारखेसह. भांडायचं नाही, नुसतं मोजायचं. ठेकेदाराला ते पुरतं. प्रत मिळाली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, 10 रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही नाहीत. पण अर्ज हे शेवटचं हत्यार. पहिल्याच दिवशी ते उगारलं तर भाऊसाहेब पुढचा प्रत्येक कागद कायद्याच्या चिमट्याने धरून देतात, आणि कायद्याने तीस दिवस त्यांच्या हातात असतात.

मोजमाप पुस्तिकेत अभियंता नोंद करतो, त्यावर देयक निघतं. त्या मोजणीच्या दिवशी हजर राहा, त्याआधीच्या शंभर फोटोंपेक्षा तो अर्धा तास महत्त्वाचा. काम पूर्ण झालं की ते ग्रामपंचायतीच्या मालमत्तेच्या नोंदवहीत चढलं का हे विचारा. नोंद नसेल तर पाच वर्षांनी दुरुस्तीला पैसा टाकता येत नाही, आणि कुणीतरी ती खोली कडबा ठेवायला वापरायला लागतो.

आता दिव्यांचं सांगतो. वस्तीवर बारा खांब उभे राहतात, पहिल्या संध्याकाळी पेढे वाटले जातात, आणि मग वीजबिल यायला लागतं. 2021 साली सरकारने पथदिव्यांची नि पाणीपुरवठ्याची वीजबिलं वित्त आयोगाच्या पैशातून भरायला सांगितलं, तेव्हा राज्यभरच्या सरपंचांनी ओरड केली होती. विकासाचा पैसा महावितरणला जाणार म्हणून. ओरड खरी होती आणि बिलही खरं होतं. म्हणून दिव्यांचा ठराव करताना त्याच ठरावात लिहून घ्या की बिल कुठल्या शीर्षातून भरायचं, सौर दिवे असतील तर बॅटरी कुणी बदलायची नि हमी किती वर्षांची, आणि दिवा बंद पडला तर कुणाला फोन करायचा. त्या माणसाचा नंबर खांबावर रंगवून घ्या.